तरंग

आखाजीला तीन दिवस,
आणि जळगावात, सुभाष चौकामागच्या बोळात,
दुसऱ्या मजल्यावर, पडदा काळा.
डाव्या कोपऱ्यात पांढरी रेघ तेवढी लुकलुकते.
आत अडकलेत
एक पोहेहार, गहूतोड्यांची जोडी,
आणि बोदवडच्या गिऱ्हाइकाची एकदाणी,
जिचे मणी मी काल दुपारी एकेक करून ओवले होते.

चूक माझीच.
रात्री साडेअकराला, लाइट टिकलीय असं बघून
मी 'हो'चं अक्षर दाबलं
आणि नऊशे बारा पॅकेजं रांगेनं बदलत गेली.
नवा कर्नल आला.
बीटा ड्रायव्हरला मीच होल्ड लावलेला,
तो जागचा हलला नाही.
बाकीचं घर हललं.

रिखबशेठ नेहमी विचारतात,
पक्का का नाही टाकत? आपण काय कच्चा माल विकतो?
त्यांना कसं सांगू, कार्ड नवं आहे,
पक्क्या ड्रायव्हरला त्याची ओळखच नाही,
त्यात सोनं हिरवट दिसतं,
पितळेच्या तांब्याला आतून चढतं तसं.

माझ्याआधी या खुर्चीत दिगंबर फिरके बसायचे.
आता सुरतेला असतात, साड्यांचे काठ काढतात.
जाताना ड्रॉवरमध्ये एक वही ठेवून गेले,
सराफीचीच, लाल, वर श्री.
जमेच्या बाजूला टाकलेली पॅकेजं,
नावेच्या बाजूला काढलेली,
तारखा, आकडे, मध्येच चहाचे साडेचारशे.
आणि एका पानावर, घामाच्या हातानं फिसकटलेलं:

*बाप्पा, आधी बीटा काढ. मंग वर चढ.*
*मंग हेडर बघ. मंग बीटा टाक.*
*उलटं केलं तं रात्र जाते.*

मी उलटं केलं होतं.

तीन बोटं एकदम दाबली की
मागचा दरवाजा उघडतो. तिथे चित्र नाही, नुसती अक्षरं.
काढला. पुन्हा विचारलं, खरंच काढू?
काढ बाबा.
हेडर उतरवायला घेतले आणि लाइट गेली.
दीपनगरच्या चिमण्या रात्रंदिवस धुरतात,
ती वीज कुठल्या गावाला जाते कुणास ठाऊक.
इन्व्हर्टर चाळीस मिनिटांचा.
मी पंखा बंद केला, ट्यूब बंद केली,
त्रेचाळीस डिग्रीच्या दिवसाची धग भिंतींतून येत होती,
आणि अंधारात ड्रायव्हर
नव्या कर्नलच्या मापानं शिवला जात होता.

तेवढ्यात आईचा फोन, यावलहून.
झोका बांधला, म्हणाली. चारू कालच आली सासरहून.
तू?
थांब, म्हटलं, होल्डवर आहे.
कोण होल्डवर आहे?
सांगता आलं नाही.

बीटाच्या आकड्यात एक बारीक तरंग असतो,
आडवा, नागमोडी,
उन्हाळ्यातल्या तापीत उरतो तेवढाच.
त्याचा हिशेब मला फार दिवस कळला नव्हता:
ज्या आकड्यापुढे तो लागतो
तो आकडा नुसत्या आकड्यापेक्षाही लहान.
उद्या पक्का आला की हा सरकतो बाजूला,
निरोप नाही, भांडण नाही.
कुणी होल्ड लावून धरून ठेवला तरच राहतो,
आणि मग रात्र धरणाऱ्याची जाते.

पाच दहाला पडदा उजळला.
एकदाणी पिवळी. अगदी पिवळी.
मी मणी मोजले, सवयीनं.
एक कमी होता, पण ते ड्रायव्हरचं नव्हे,
मीच ओवायला विसरले होते.

वही काढली. नावेला जुना, जमेला तोच,
तरंगासकट.
खाली जागा होती म्हणून लिहिलं,
बाई, तू कोण असशील ती, आधी बीटा काढ.
पुढे काय लिहावं सुचेना.
पेन टेकलेलं होतं, तिथे आणखी एक तरंग काढला,
जरा मोठा.

सहाची यावल बस साडेसहाला आली.